मामाजींचं एक क्रियापद

दारावर थाप पडली तेव्हा मी बनियनवर, तोंडावर वर्तमानपत्र पांघरून पलंगावर पडलो होतो. रविवारची दुपार होती, आणि रविवारच्या दुपारी आमच्या दारावर थाप पडली की ती मामाजींचीच, हे आमच्या घरातली मांजरसुद्धा ओळखून होती. थाप ऐकली की ती अंग झटकून परसात निघून जायची. मला तेवढीही सोय नव्हती. मी वर्तमानपत्राखालूनच ओरडलो, "सांग, घरी नाहीत म्हणून!" इतक्या मोठ्यानं ओरडलो की गल्लीच्या टोकाच्या पानवाल्यालाही मी घरी नसल्याचं कळलं असावं. कुसुमनं, म्हणजे माझ्या बायकोनं, दार उघडलं. दारात मामाजी नव्हते. त्यांच्या शेजारच्या लाकडाच्या वखारीतले मुनीमजी होते आणि त्यांनी माझं बोलणं स्वच्छ ऐकलं होतं. भला माणूस, त्यांनी ते खरं मानून घेतलं. हळू आवाजात म्हणाले, "साहेब नसतील तर तुम्हीच चला ताई... मास्तरांचं काही ठीक दिसत नाही. जेवून आडवे झाले, ते उठतच नाहीत." मी आतून सगळं ऐकत होतो आणि मला काही बाहेर येता येईना, कारण मी घरी नव्हतो ना! सासऱ्याच्या मरणाची बातमी मी अशी घेतली... पलंगावर, पेपराआड, गैरहजर राहून.

मामाजी म्हणजे माझे सासरे. मौद्याकडच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातला हा मुलगा लहानपणी ढोरं चारत होता, पुढं नागपुरात शिकायला आला आणि इंग्रजीच्या प्रेमात पडला. त्या प्रेमातच एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत निवृत्त झाला. राहायला लकडगंजाच्या मागच्या गल्लीत, जिथं दिवसभर आरा मशीन किरकिरत असतं आणि सागवानाच्या भुशाचा वास माणसाच्या कपड्यांत, अंथरुणात, वरणातसुद्धा उतरतो. त्या आऱ्याचा आणि मामाजींचा स्वभाव एकच होता. एकदा लाकूड घेतलं की आरपार गेल्याशिवाय थांबायचं नाही. गल्लीत नळ नव्हता, तर ते रोज शाळेआधी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जायचे, साहेबासमोरच्या बाकावर बसून शांतपणे कवितेचं पुस्तक वाचायचे, आणि उठताना एवढंच विचारायचे, "तर मग, नळाचं?" भांडण नाही, अर्ज नाही. शेवटी साहेबालाच बाक दिसला की धाप लागू लागली, आणि गल्लीला नळ आला. मी मुलगी बघायला गेलो तेव्हाही तेच. मुलीला काही विचारायच्या आधी त्यांनीच मला एक इंग्रजी वाक्य देऊन ते कर्मणी प्रयोगात फिरवून सांगायला लावलं. मी फिरवलं आणि शिकाऱ्याच्या जागी वाघानं बंदूक हातात घेतली. आत स्वयंपाकघरात कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू मला अजून दोन वेळचं जेवायला वाढतं.

कुसुमला एक धाकटा भाऊ, दिनू. सासूबाई दिनू लहान असतानाच गेल्या आणि मामाजींनी त्याला एकट्यानं वाढवलं. स्वतः चूल पेटवायचे, स्वतः पोळ्या लाटायचे, आणि पोळी तव्यावर असताना विचारायचे, "हं दिनू, टेल मी..." मुलगा मोठा होत गेला, प्रश्न थांबले नाहीत. बी.ए.ला इंग्रजीत गेला तेव्हा तर मामाजींनी कंबरच कसली. एका रविवारी आम्ही दोघं तिकडे जेवायला होतो. वांग्याची भाजी झाली होती. दिनूनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, तेवढ्यात मामाजींनी त्याला एका निबंधाचा सारांश विचारला. दिनू म्हणाला, "बाबा, जेवू द्या." मामाजी म्हणाले, "जेव ना गा. तोंड जेवते, डोकं काय करून राहिलं?" दिनूनं हातातला घास ताटात ठेवला. उठला, मोरीवर जाऊन हात धुतला आणि पायात चपला घालून निघून गेला. आम्हाला वाटलं, पानाच्या टपरीपर्यंत जाऊन येईल. तो गेला तो वाडीला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. अमरावती रस्त्यावर ट्रान्सपोर्टची गोदामं तेव्हा एकामागून एक उभी राहत होती. त्यातल्याच एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करायला लागला आणि तिथंच एक खोली भाड्यानं घेऊन राहिला. ताटावरून उठलेला मुलगा... ते ताट मामाजींनी संध्याकाळपर्यंत उचललं नाही. कुसुम उचलायला गेली तर म्हणाले, "राहू दे वं. येईन तो."

तो आला नाही, म्हणून मामाजी जायला लागले. दर रविवारी सकाळी लकडगंजातून सायकल काढायची, अख्खं नागपूर ओलांडून, मागून-पुढून ट्रकांचे हॉर्न खात वाडीला पोचायचं, आणि गोदामाच्या गेटाशी सायकल टेकवून मुलाला विचारायचं, "काहून गा दिनू, जेवला का?" बस्स. तो हो म्हणायचा, नाही म्हणायचा, कधी पाठ फिरवायचा. मग सायकल उलटी फिरवायची आणि परत. त्यांना दुसरं काही नको होतं. दिनूनं एकदा घरी येऊन ते अर्धं राहिलेलं जेवण पुरं करावं, एवढंच. पण गेटावरचे हमाल हसायला लागले. दिनू दिसला की एकजण दुसऱ्याला विचारायचा, "काहून गा, जेवला का?" तिसरा म्हणायचा, "नाई बापा, मास्तर आल्यावर जेवीन." व्हायचं तेच झालं. एका रविवारी मामाजींनी गेटाशी सायकल टेकवली, तोंड उघडलं, आणि प्रश्न बाहेर पडायच्या आत दिनू ओरडला. मराठीत नाही. सगळ्या ड्रायव्हर-हमालांसमोर, बापाच्याच भाषेत ओरडला, "डोन्ट पेस्टर मी!" शेजारी एक पंजाबी ड्रायव्हर दात घासत उभा होता. त्यानं मामाजींना विचारलं, "क्या बोला, मास्टरजी?" आणि मामाजींनी त्याला समजावून सांगितलं! म्हणाले, "क्रियापद है। मतलब, तंग मत करो।" वर्गात सांगतात तसं. मग सायकल फिरवली.

हे मला त्यांनीच सांगितलं, सोमवारी सकाळी. मी गालाला साबण लावून दाढी करत होतो. ते दारातूनच बोलत आत आले, "जवाईबापू, पेस्टर म्हंजे पेस्ट नाई हो!" मला वाटलं, सकाळी सकाळी कुठल्या तरी किड्याबद्दल तक्रार आहे. तसं नव्हतं. दुसरा बाप असता तर रात्रभर रडला असता, नाहीतर मुलाच्या नावानं आंघोळ करून मोकळा झाला असता. मामाजींनी रात्र कशी काढली ते त्यांनाच ठाऊक, पण कॉलेजची लायब्ररी उघडायच्या वेळेला ते फाटकाशी उभे होते. तिथं काचेच्या कपाटात इंग्रजी भाषेचा तो थोरला कोश आहे, एकेक खंड दोन हातांनी उचलावा लागतो असा. त्यात मुलानं तोंडावर मारलेला शब्द त्यांनी काढून पाहिला, आणि तडक माझ्याकडे आले होते. पेस्ट म्हणजे उपद्रवी कीड, रोगराई. त्यावरून पेस्टर, म्हणजे पिडणं... असंच ते जन्मभर शिकवत आले होते, आणि असंच सगळे समजतात. कोशात निराळंच निघालं. जुन्या फ्रेंचमध्ये, चरायला सोडलेल्या घोड्याचे पाय दोरीनं बांधण्याला एक शब्द होता. त्याच्याही मागं लॅटिनमधला एक, कुरणातल्या त्या दोरीचाच शब्द. तिथून हे क्रियापद इंग्रजीत आलं, तेव्हा त्याचा अर्थ अडकवणं, गुंतवणं, धड चालू न देणं एवढाच होता. पीडा देणं हा अर्थ त्याला मागून चिकटला, पेस्ट या शब्दाच्या शेजाराला राहून राहून. घोड्याच्या खुराच्या वर जिथं ती दोरी बसते, त्या जागेचं इंग्रजी नावही याच घराण्यातलं. हे सगळं ते मला सांगत होते आणि माझ्या गालावरचा साबण वाळून ताठ होत होता. शब्दाचं मूळ सापडलं की त्यांचा चेहरा जसा उजळायचा, तसा तो उजळलाही होता... निदान सुरुवातीला.

मग ते मोरीच्या कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "आमच्याकडं बी बांधते ना. पळपुट्या ढोराचे समोरचे दोन पाय. मीच बांधत होतो लहानपणी. मंग ते पळत नाई, उड्या मारत मारत चालते. मजा वाटे मले." त्यांनी स्वतःच्या घोट्यावरून बोट फिरवलं. "तिथले केस झडून जाते, जवाईबापू. कातडं पांढरं पडते. बांधनाऱ्याले दिसत नाई ते. तो संध्याकाळी येते, दोरी सोडते, गोठ्यात घालते. त्याले वाटते, ढोर सापडलं ना, झालं!" मी काहीतरी बोलायला हवं होतं. "अहो, रागाच्या भरात बोलला पोरगा" एवढं तरी. पण तोंडाला साबण असलेल्या माणसाकडून कोण शहाणपण ऐकून घेतो? मी "हं" म्हणालो. त्यावर ते उठले आणि अगदी सहज, नळाचं काम आटोपल्यासारखं म्हणाले, "तं मंग, वाडीले जानं बंद."

आणि खरंच बंद केलं हो! ज्या माणसाला कचेरीतले साहेब थांबवू शकले नाहीत, त्याला एका कोशानं थांबवलं. पण वाडीचा रविवार त्यांनी बंद केला म्हणजे रविवार थोडाच यायचा थांबतो? तो यायचा, आणि मामाजी सकाळी उठून सायकल पुसायचे, चाकात हवा भरायचे, लकडगंजाच्या बाजारातून उगाच एक चक्कर मारायचे, सायकल पुन्हा घरी लावायचे, पुन्हा काढायचे. त्यांचे पाय वाडीच्या दिशेला आणि मन लायब्ररीच्या दिशेला, असा माणूस दिवसभर करणार काय? दुपार झाली की तो आमच्याकडे यायचा. त्यानंतरचे सगळे रविवार आमच्या वाट्याला आले ते असे. पंखा हळू का फिरतो, आमच्या मुलाचं अक्षर डावीकडे का झुकतं, मी ऑफिसात खात्याची परीक्षा का देत नाही, दिली तर नापास का झालो... एक प्रश्न संपला की दुसरा. खरा प्रश्न मात्र सगळ्यांच्या शेवटी, चहाची बशी खाली ठेवताना, कुणालाच न विचारल्यासारखा, "वाडीकडं जानं झालं होतं काय तुमचं?" मला वाडीला काय काम असणार? पण दर रविवारी नाही म्हणता म्हणता माझीच जीभ ओशाळली आणि एक दिवस मी स्कूटर काढून वाडीला गेलो. दिनू पोत्यांच्या थप्पीवर उभा होता. मला पाहून खाली उतरला. "बाबांनं पाठवलं?" मी म्हणालो, "छे, सहज आलो होतो इकडं." तो म्हणाला, "भाऊजी, वाडीले सहज कोनी येत नाई. ट्रक बी येत नाई." चहा पाजला, कुसुमची चौकशी केली, पोरांची केली. बापाचं नाव काढलं नाही. माझ्या खांद्यावरून मागं, गेटाकडे मात्र दोन-तीनदा पाहिलं. मला वाटलं, एखाद्या गाडीची वाट पाहत असेल. घरी येऊन मामाजींना सांगितलं, तब्येत चांगली आहे. त्यांनी विचारलं, "जेवला होता?" आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी मामाजी दर वर्षी आपल्या भावाकडे, मौद्याकडच्या गावी जायचे. त्या दिवशी बैलांना न्हाऊ घालतात, जिथं वर्षभर जू बसतं ते खांदे हळद-तुपानं, पळसाच्या पानानं चोळून शेकतात, आणि बैलाला हात जोडून जेवायला बोलावतात. त्या वर्षी मामाजी आमच्याकडे आले आणि कुसुमकडे वाटीभर तुपात हळद कालवून मागितली. मला म्हणाले, "स्कूटर काढा." मी मौद्याच्या दिशेनं वळवायला लागलो तर मागून पाठीवर बोट टोचलं, "तिकडं नाई. वाडीले." अख्खा रस्ता ते वाटी एका हातात धरून मागं बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला थोडं तूप माझ्या पाठीवर सांडत होतं. गोदामाशी पोचलो तेव्हा माझ्याच खांद्याची निम्मी शेकणी झालेली होती. दिनू गेटात आला. कपाळाला आठी. "आता काय?" मामाजींनी काही विचारलं नाही. पिशवीतून पळसाचं पान काढलं, तुपात बुडवलं, आणि टाचा उंच करून, कारण मुलगा बापापेक्षा वीतभर उंच, त्याच्या खाकी सदऱ्यावरूनच आधी एक खांदा चोळला, मग दुसरा. हात जोडले. म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोराला 'घ्या', 'या'! बैलाला म्हणतात तसं. दिनू दगडासारखा उभा. गेटावर हशा पिकला, पण भंडाऱ्याकडचा एक म्हातारा हमाल हसला नाही. तो पुढं आला, डोक्यावरचं फडकं काढून म्हणाला, "मास्तर, जू तं आमी बी वाहून राहिलो. आमचे खांदे कोन शेकन?" मामाजींनी एकदा वाटीकडे पाहिलं आणि त्याचे खांदे चोळले. मग मागून बाकीचे आले. तूप संपलं तेव्हा नुसत्या पानानं चोळले. प्रत्येकाला आवतन.

दुसऱ्या दिवशी लकडगंजाच्या त्या घरी सगळे हमाल धुतलेले कपडे घालून, कपाळाला गंध लावून हजर! दिनू तेवढा नाही. कुसुम पुरणपोळ्या लाटता लाटता दाराकडे पाहत होती, मामाजी वाढता वाढता दाराकडे पाहत होते, आणि मी, जो कुठंच न पाहता फक्त खात होतो, त्याला कुसुमनं स्वयंपाकघरातून हाक मारून विचारलं, "तुम्हाला घास तरी कसा उतरतो हो?" पुरण संपलं, कढी संपली, वडे संपले. म्हातारा हमाल निघताना म्हणाला, "दिनूभाऊ निघालाच होता मास्तर... खोलीच्या दारापर्यंत आला, न् परत फिरला." मामाजींनी मान हलवली. मी म्हणालो, उद्या जाऊन पुन्हा सांगू या. ते म्हणाले, "नाई. आवतन एकडाव द्याचं असते. दुसऱ्यांदा दिलं का दोरी झाली." आणि मग वर्षभर ते वाडीच्या वाटेला गेले नाहीत. वर्षभर! त्या वर्षात त्यांनी मला खात्याच्या परीक्षेत पास करवलं, यावरून त्यांच्या अस्वस्थतेचा अंदाज यावा. पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तुपाची वाटी, पुन्हा माझी पाठ, पुन्हा "आज आवतन घ्या". दुसऱ्या दिवशी हमालांच्या घोळक्यात सगळ्यात मागं, त्यांच्यातलाच एक असल्यासारखा, दिनू आला. पंगतीच्या टोकाला बसला. मामाजींनी त्याला काही विचारलं नाही. नुसते वाढत राहिले. एक पोळी, दुसरी, तिसरी... शेवटी दिनूनं ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाला, "बस्स, बाबा." मामाजी पोळ्यांचं ताट तसंच घेऊन आत गेले आणि फोडणीचा धूर नसताना डोळे पुसत उभे राहिले.

मला वाटलं, मिटलं. पण तसं काही मिटत नसतं. दिनू पोळ्याला येऊ लागला, आणि फक्त पोळ्यालाच. यायचा, जेवायचा, "येतो" म्हणून निघायचा. दिवाळीला नाही, भाऊबीजेला तोच कुसुमला ओवाळणी द्यायला आमच्याकडे यायचा, बापाच्या घरी नाही. मी मामाजींना म्हणायचो, "दसऱ्याला बोलवा ना! सोनं द्यायला तरी येईल." ते म्हणायचे, "नाई जमत." श्रावण लागला की मात्र त्यांच्या जिवाला थारा नसायचा. तूप चांगलं आहे का, पळस कुठून आणायचा, स्कूटरची ब्रेक-केबल बदलली का. आणि इतक्या पोळ्यांत वाडीला जाऊन ते कधी गेटाच्या आत गेले नाहीत. दिनूची खोली गोदामाच्या मागं पावलांवर होती. ती त्यांनी पाहिली नाही. यानं या म्हटलं नाही, त्यांनी येऊ का म्हटलं नाही.

आषाढात ते गेले. दिनू आला, मडकं धरलं, दहावा केला, तेरवीला पंगत वाढली, आणि तेरवी झाल्यावर "येतो" म्हणून वाडीला गेला. यंदा घरात सण नव्हता. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी कुसुम सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत करत होती. डबे काढायची, पुसायची, परत ठेवायची. मी मनाशी म्हटलं, हे आता मलाच करायला हवं. तिला न सांगता वाटीत तूप-हळद कालवली, पळस मिळाला नाही म्हणून बागेतलं जास्वंदीचं पान घेतलं, आणि वाटी स्कूटरच्या डिकीत ठेवून निघालो. वाडीला पोचलो तेव्हा डिकीत तूप होतं आणि वाटी रिकामी. दिनूच्या दाराला कुलूप. म्हातारा हमाल आता काम करत नाही, सावलीत बसून असतो. तो म्हणाला, "दिनूभाऊ तं शहरात गेला, तुमच्याचकडं." मी पिवळे हात घेऊन परत आलो. दिनू येऊन गेला होता. कुसुम ओट्यावर बसली होती आणि तिच्या पांढऱ्या पोलक्याच्या दोन्ही खांद्यांवर हळदीचे डाग होते. म्हणाली, "आवतन दिलं त्यानं मले. उद्या वाडीले जेवाले बोलावलं... तुम्ही कुठं गेले होते?" मी हात मागं लपवले.

दिनूची खोली म्हणजे एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला खिळ्यावर सदरे. त्यानं वरणभात केला होता, वांग्याची भाजी केली होती. सण नसल्यानं गोड नाही. आम्ही जमिनीवर बसलो. कुसुमनं दोन घास खाल्ले आणि तिला राहवलं नाही. "एकडाव तरी बाबांले या खोलीत बोलावलं असतं तं काय बिघडलं असतं रे तुयं?" दिनू भात कालवत राहिला. मग म्हणाला, "मी काहून बोलावू वं ताई? ते येतच तं होते. मी चिडलो, बोलून गेलो. पोरगं बापाले बोलतच असते. मले वाटलं, पुढच्या रविवारी येतीनच. ते काय कोनाचं ऐकनाऱ्यातले होते? सकाळपासून गेटाकडं पाहून राहिलो मी. नाई आले. त्याच्या पुढच्या रविवारी बी नाई. मंग मले वाटलं, सोडलं आपल्याले बापानं. पोळ्याले येत होते, तं वाटे, बैलाले आवतन द्याचं पुण्य म्हून येते." मी त्याला सांगितलं. लायब्ररी, कोश, घोड्याचे पाय, दोरी, मोरीच्या कट्ट्यावर बसून जे म्हणाले ते सगळं. त्याला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. त्याचा हात भातात तसाच राहिला. "घोडा?" तो म्हणाला. "मले तं त्या शब्दाचं स्पेलिंग बी येत नव्हतं, भाऊजी. तोंडात आला, बोललो. ज्या मानसानं अख्ख्या नागपुराले इचारून इचारून सोडलं नाई, त्यानं मलेच नाई इचारलं? त्या पुस्तकाले इचारलं?" बाहेर एक ट्रक मागं घेत होते, त्याची आरडाओरड चालली होती. दिनूनं खाली मान घालून ताटातला भात शेवटच्या शितापर्यंत संपवला, आणि कुसुमनं न विचारता त्याला आणखी वाढला.

परतताना कुसुम स्कूटरवर मागं पदर तोंडाशी धरून बसली होती. मामाजींची सायकल ज्या रस्त्यानं जायची तोच रस्ता. मला वाटलं, रडत असेल, म्हणून मीही आरशात पाहिलं नाही. घर आलं, मी स्कूटर स्टँडवर लावली, ती उतरली, पदर झटकला आणि म्हणाली, "वरनात मीठ नव्हतं. भात कच्चा. येत्या रविवारी येते शिकवाले म्हटलं त्याले, तं म्हनते, नोको वं ताई, उगाच डोकं नोको खाऊ."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! बाबा ऐकून घरी बसले. मी नाई बसनार. तुम्ही शनिवारीच पेट्रोल भरून ठेवा."